निकॉन डी५६०० : पावसाळ्यापासून वैशाखापर्यंत वापरून

भाच्याचा हा कॅमेरा गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आला तो विकण्यासाठी. "मामा, मोबाइल बरा म्हणायची पाळी आणलीय यानं. बॉडीतच दम नाही. बघा कुणी गिऱ्हाईक असलं तर." त्याला फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) घ्यायचा होता. गिऱ्हाईक मिळेपर्यंत म्हणून मी वापरायला घेतला आणि बेळगावची वैशाखातली शिवजयंती झाली तरी तो माझ्याकडेच आहे.

आधी कार्डातले त्याचे जुने फोटो काढले. फोटोपेक्षा त्यामागचे आकडे बघितले: शटर (प्रकाश किती वेळ आत येतो), ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; एफ/ चा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), आयएसओ (प्रकाश कमी असेल तर वाढवायची संवेदनशीलता). रोगाचं निदान तिथंच होतं. गोकाकच्या धबधब्याचे सगळे फोटो एफ/२२ वर. का, तर पुढचं-मागचं सगळं स्पष्ट यावं. पण यातल्या फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर २४ मेगापिक्सेल असताना एफ/११ च्या पुढे गेलं की बारीक छिद्रातून जाताना प्रकाशच पसरतो आणि सगळं चित्र थोडं मऊ पडतं. वर एफ/२२ मुळे शटर १/१५ सेकंदापर्यंत उतरलेलं, कॅमेरा हातात, आणि लेन्सवर तुषार. मी कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या त्याच १८-५५ एमएम किट लेन्सने एफ/८ आणि १/५०० वर काढले, खिशात कोरडं सुती कापड ठेवून. ५२ मीटरवरून कोसळणारं घटप्रभेचं गढूळ लाल पाणी कातळाच्या थरांसकट आलं.

बेळगावजवळच्या राजहंसगडाचंही तेच. ढगाळ पांढरं आभाळ आणि त्यापुढे महाराजांचा गडद पुतळा. कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर आभाळाला भुलतं आणि पुतळा काळा ठिक्कर पडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सोय) +१ करायचं, आभाळ गेलं तर जाऊ द्यायचं. लाखाचा कॅमेरा आणला तरी हे बटण आपल्यालाच दाबावं लागतं.

मोबाइल बरा का वाटतो, हेही सांगतो. मोबाइल एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन जोडतो, सावल्या उजळतो, कडा तासतो आणि मगच दाखवतो. कॅमेऱ्याची रॉ फाइल म्हणजे नुसतं मळलेलं पीठ, भाकरी आपण थापायची. भाचा रॉ काढायचा आणि ती तशीच फिकट बघून नाराज व्हायचा. जेपेगला (कॅमेराच तयार करून देतो ती फाइल) ठेवून पिक्चर कंट्रोल 'व्हिव्हिड' केला असता तर निम्मी तक्रार तिथंच मिटली असती.

इथवर दोष वापरणाऱ्याचा. पण सगळंच हातावर ढकलणारे लोकही मला पटत नाहीत.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत (जैन मंदिर, बांधकाम १२०४ च्या सुमाराचं) आत चांगलाच अंधार असतो. तरी छतावरचं दगडी कमळ किट लेन्सने १८ एमएम, एफ/३.५, १/८ सेकंद अशा शटरवर नीट मिळतं, कारण लेन्समधलं व्हीआर (व्हायब्रेशन रिडक्शन) हाताची थरथर सावरतं आणि दगड काही हलत नाही. शिवजयंतीच्या रात्री चित्ररथांच्या मिरवणुकीत हे गणित कोसळतं. लेझीम खेळणारी पोरं हलणार, त्यांना व्हीआर काय करणार? १/२०० तरी शटर हवं. किट लेन्स ३५ एमएमच्या आसपास एफ/४.५ च्या खाली उघडतच नाही, म्हणून आयएसओ १२८०० वर जातो आणि चेहऱ्यांवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. इथं तंत्र कितीही घोटा, लेन्सच अपुरी.

म्हणून ३५ एमएम एफ/१.८ जी डीएक्स सेकंड हॅण्ड घेतली. एफ/४.५ च्या मानाने सहापट प्रकाश. त्याच १/२०० ला आयएसओ २००० वर भागलं. बॉडी तीच, फोटो बघणाऱ्यांनी मात्र विचारलं, नवीन कॅमेरा घेतला काय? सेकंड हॅण्ड घेताना एक बघा: या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुनी ५० एमएम एफ/१.८ 'डी' स्वस्त मिळते, पण यावर ऑटोफोकस होत नाही. 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' लिहिलेलंच घ्या, त्यात मोटर लेन्समध्येच असते.

या ३५ एमएमनेही एक दुखणं जात नाही. रथावरचे एलईडी दिवे विजेच्या लहरीबरोबर लुकलुकत असतील तर भरभर शटरवर एक फ्रेम उजळ, पुढची काळपट येते. तेव्हा १/१०० वर उतरायचं आणि थोडी हालचाल पत्करायची. लाल-निळ्या दिव्यात चेहरे रंगात बुडतात. त्याला कोणत्याही किमतीचा कॅमेरा पुरा पडत नाही. रथ साध्या पांढऱ्या दिव्याखाली येईपर्यंत थांबायचं.

इकडच्या हवेबद्दल एवढंच: खानापूर-कणकुंबीच्या पावसात फिरून आल्यावर कॅमेरा ओल्या बॅगेत कोंडून ठेवू नका, लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, खर्च नगण्य.

फिरायला, घरच्या कार्यक्रमाला, देवळाला-गडाला हा कॅमेरा किट आणि ३५ एमएमवर बिनघोर घ्या. नुसती बॉडी बॅटरी-कार्डासकट अर्धा किलोसुद्धा भरत नाही. भाचा आता लग्नांच्या ऑर्डरी घ्यायचं म्हणतोय. तसं असेल तर बॉडी बदलणं मलाही पटतं, पण कारण फोटोच्या दर्जाचं नाही. यात कार्डाचा खाचा एकच आहे, आणि कार्ड अक्षतांच्या वेळी गेलं तर नवरा-नवरीला परत उभं करता येत नाही. दोन कार्डांचा बघ म्हणून सांगितलंय. हा मात्र मीच ठेवून घेतोय, भाच्याशी किमतीची बोलणी चालू आहेत.