आरओ घेतला मीटरचा आकडा बघून

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, नळाला खडकवासला धरणाचं पाणी. गेल्या दिवाळीआधी १८,५०० रुपये मोजून पाणी शुद्ध करायचा आरओ बसवला. दहा महिने वापरून लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही, हा खेळ काही ती एकटीच करत नाही.

डेमोला आलेला मुलगा गोड होता, सासूबाईंना सारखं 'आजी, आजी'. त्याने नळाच्या पाण्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) दाखवणारा मीटर बुडवला: ८२. मशीनच्या पाण्यात: १४. "बघा मॅडम, ८३ टक्के जास्त शुद्ध!" मग दोन ग्लासांत लोखंडी सळयांचं यंत्र सोडलं. आमचं पाणी बघता बघता तपकिरी, त्याचं नितळ. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी पतसंस्थेत हिशेब तपासते, टक्के दिसले की 'कशाचे टक्के?' विचारायची सवय आहे. त्या दिवशी मात्र मुकाट्याने चेक फाडला.

बिंग फुटलं पहिल्या सर्व्हिसिंगला. दहावीतली लेक त्याच मुलाला म्हणाली, "दादा, तुमच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून तेच यंत्र लावा ना." त्याने लावलं. नळाच्या पाण्यालाही आला नव्हता असा रंग आला! पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळईचं लोखंड गंजून पाण्यात उतरतं. ती तपकिरी घाण सळईची होती, पाण्याची नव्हे. बिचारा स्वतःच चकित झाला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग मी मीटर मागून घेतला. ग्लासभर पाण्यात दोन चमचे साखर विरघळवली, आकडा जेमतेम हलला. मीटर मोजतो ती पाण्याची वीज वाहण्याची क्षमता, त्यावरून क्षारांचा अंदाज. जंतू त्याला कळत नाहीत. शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, हा मीटर पूर्णांकात मोजतो, म्हणजे शिसंही त्याला दिसणार नाही. आणि बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मानकात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, म्हणजे आमचे ८२ मुळातच उत्तम होते. ५०० च्या खाली आरओ नकोच, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिला होता. तो पुढे कोर्टकचेरीत अडकला.

माहितीपत्रकावर '९९.९९% जंतूंचा नाश' आहे. १० लाखांतले १०० उरतात, हे ठीकच. पण चाचणी कोणत्या जंतूंवर, किती लिटर पाणी गेल्यावर, त्याचा पत्ता नाही. '६०% पर्यंत पाणी वाचते' यातल्या 'पर्यंत'वर बारीक चांदणी आहे. मी बादली लावून मोजलं: पाच लिटर प्यायचं पाणी भरेस्तोवर साडेतेरा लिटर नळीतून बाहेर. म्हणजे हाती आले २७ टक्के. ते पाणी लादी पुसायला जातं, पण आमच्याकडे रोज इतकी लादी नाही.

मशीन वाईट नाही. आवाज कमी, टाकी साफ करायला सोपी, जंतू मारणारा यूव्हीचा (अतिनील किरणांचा) दिवा कामाचा. लातूरला बहिणीकडे बोअरचं जड पाणी आहे, तिथे आरओ हवाच. नळाला धरणाचं पाणी असेल तर नुसता यूव्ही घ्या, पैसे आणि पाणी दोन्ही वाचेल. मशीनला साडेतीन चांदण्या, डेमोला शून्य. एएमसीचे (वार्षिक देखभालीचे) ४,२०० मी भरलेले नाहीत; मेम्ब्रेन, म्हणजे आरओचा क्षार अडवणारा पडदा, गेला की यूव्हीच बसवणार.