घडीची सायकल आणि कॅनाल द्यू मिदी: मार्च ते नोव्हेंबर वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकते. दक्षिण फ्रान्समधल्या तुलूजहून निघणाऱ्या या कालव्याच्या डांबरी वाटेसाठी वीस इंची चाकांची घडीची सायकल पुरते, अगदी मजेत पुरते. साधारण पन्नास किलोमीटरवर, आविन्योनेच्या आसपास डांबर संपतं आणि मग ती तुमची हाडं मोजायला लागते. पंचाईत अशी की या भागात खरं बघण्यासारखं जे आहे, ते डांबर संपल्यावरच सुरू होतं.

सायकल सेकंड-हँड, सात गिअरची, तेराएक किलोची. या वर्गातल्या सगळ्या सायकली थोड्याफार फरकाने सारख्याच, म्हणून कंपनीत शिरत नाही. तिचा मोठा गुण म्हणजे घडी घालून पिशवीत सरकवली की प्रादेशिक रेल्वेत सामान म्हणून जाते. बाझिएज, विलफ्राँश, आविन्योने, कास्तेलनोदारी ही स्टेशनं कालव्याच्या जवळच आहेत, आणि तुलूजच्या माताबियो स्टेशनातून बाहेर पडलं की समोर कालवाच. त्यामुळे जाताना सायकल, येताना रेल्वे, किंवा उलट. कुठलं आधी, हे वाऱ्याला विचारायचं. लोरागे या पट्ट्यात आग्नेयेकडून ओताँ नावाचा वारा सुटतो, आणि तो माणसाला वेड लावतो असं इथले लोक म्हणतात. तो अंगावर घेऊन मी एकदा गार्दूशपर्यंत गेले, तेव्हापासून माझा विश्वास बसलाय. ओताँ असेल त्या दिवशी रेल्वेने कास्तेलनोदारी गाठायचं आणि वारा पाठीशी घेऊन तुलूजला परतायचं.

कालव्याबद्दल स्पष्ट बोलायचं तर पहिले तीस-पस्तीस किलोमीटर एकसुरी आहेत. दोन्ही बाजूंना चिनाराची रांग, मधे हिरवट पाणी, आणि बराच वेळ शेजारून जाणाऱ्या महामार्गाची घरघर. ही झाडंही आता सगळीकडे उरलेली नाहीत. 2006 साली इथे बुरशीचा एक रोग सापडला, त्यावर औषध नाही. लागण झालेली झाडं तोडून जाळावी लागतात. कालव्याकाठी बेचाळीस हजारांच्या घरात चिनार होते. जिथे तोड झाली आहे तिथे जुलैच्या दुपारी डोक्यावर नुसतं ऊन असतं, तेव्हा टोपी विसरू नका.

मला या पट्ट्यात रमवलं ते लॉकगेटांनी. बोट चढवण्या-उतरवण्याची ही कुंडं इथे लंबगोल आहेत. बांधकामाच्या सुरुवातीला सरळ भिंतींचं एक कुंड मातीच्या दाबाने ढासळलं, म्हणून पुढची कमानीसारखी फुगीर बांधली. प्रत्येक कुंडाशेजारी राखणदाराचं घर, आणि घराच्या भिंतीवर पाटी: मागचं कुंड इतके मीटर, पुढचं इतके मीटर. फोनची बॅटरी संपली तरी हरवायची सोय नाही. नेग्राच्या कुंडाशी जरा थांबा. तुलूजहून सुटणारी टपालाची प्रवासी बोट पहिल्या दिवशी जेवायला इथे लागायची. त्या मुक्कामाचं छोटं चर्च अजून उभं आहे.

आता नोरूझ, कालव्याचा माथा. समुद्रसपाटीपासून जेमतेम 190 मीटर, पण पाणी इथेच दुभंगतं: एक बाजू अटलांटिककडे, दुसरी भूमध्याकडे. दोन समुद्र जोडायच्या कल्पना हा कालवा बांधणाऱ्या पिएर-पॉल रिकेच्या आधीही अनेकांनी मांडल्या होत्या. सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडलं: या माथ्यावर वर्षभर पाणी आणायचं कुठून? रिके हा काही इंजिनिअर नव्हता, मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी होता. त्याने उत्तरेच्या काळ्या डोंगरातले ओढे अडवून पाटाने पाणी इथवर आणलं. 1666 साली राजाज्ञा निघाली, 1681 मध्ये कालवा सुरू झाला, आणि रिके त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर 1680 मध्ये वारला. नोरूझला त्याने अष्टकोनी तलाव बांधला होता. तो काही दशकांत गाळाने भरला, आता तिथे झाडं आहेत. जवळच्या खडकांवर त्याच्या वंशजांनी 1827 मध्ये स्तंभ उभारला. त्या खडकांच्या भेगा मिटतील तेव्हा जगबुडी होईल म्हणतात. मी बघून आले, भेगांत अजून हात जातो.

माझं माहेर निफाडकडचं. पाटाचं पाणी, पाटकरी आणि त्यावरून होणारी भांडणं यांत लहानपण गेलं, त्यामुळे या कालव्यापेक्षा त्याचा पाटच मला जास्त आवडला तर नवल नाही. इथे त्याला रिगोल म्हणतात. रव्हेलजवळ सोर नदीतून पाणी उचलणारा हा पाट वळणं घेत जवळजवळ चाळीस किलोमीटर चालतो आणि नोरूझला कालव्याला मिळतो. उतार इतका बेताचा की पाण्यात पडलेलं पान बघितल्याशिवाय प्रवाह कुठल्या दिशेला आहे ते कळत नाही. काठाने मातीची पायवाट, डोक्यावर ओक आणि ॲशची गच्च सावली, वाटेत लाँक्लासचं तळं. बोटी नाहीत, गर्दी नाही. सायकलसाठी मात्र हीच वाट सर्वांत कठीण. मुळं वर आलेली, पावसानंतर चिखल, आणि छोटं चाक प्रत्येक खळग्यात जातं. मूळ टायर अरुंद होते. ते काढून फ्रेममध्ये बसतील तेवढे रुंद टायर टाकले, हवा थोडी कमी ठेवली, तेव्हा कुठे मनगटं दुखायची थांबली.

रव्हेलहून सँ-फेरेओलचं धरण तीनेक किलोमीटर, पण चढ सरळ अंगावर येतो. मी निम्मा चढ सायकल ढकलत जाते, त्यात कमीपणा नाही. 1667 ते 1672 या काळात बांधलेलं हे मातीचं धरण, पोटात दगडी भिंती. 67 हेक्टरचा तलाव वसंतात काठोकाठ असतो. बोटींचा हंगाम भरात आला की खाली कालव्याला पाणी सोडतात आणि सप्टेंबरात काठाची माती उघडी पडते. उन्हाळ्यात इथे पोहणाऱ्यांची झुंबड असते. धरणाच्या पायथ्याच्या बागेत वीसेक मीटर उंच कारंजं आहे, पंपाशिवाय, नुसत्या वरच्या पाण्याच्या दाबावर उडणारं.

गावांपैकी रव्हेल शनिवारीच करावं. चौदाव्या शतकात आखून वसवलेलं गाव, चौकात लाकडी खांबांचा भलाथोरला मंडप, आणि त्याखाली आठवडी बाजार. चीज, लसूण, कोंबड्या, सगळं. टेकडीवरचं सँ-फेलिक्स मला जास्त भावलं. 1167 मध्ये इथे कॅथार पंथीयांची, म्हणजे चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची मोठी सभा भरल्याचं सांगतात. वरून सगळा लोरागे दिसतो: गहू, सूर्यफूल, पवनचक्क्या. पंधराव्या-सोळाव्या शतकात याच शेतांत पास्तेल नावाची वनस्पती पिकायची. पानं वाटून त्यांचे गोळे वाळवायचे आणि त्यातून निळा रंग काढायचा. तुलूजचे श्रीमंती वाडे त्या पैशावर उभे राहिले. पुढे आपल्याकडची नीळ युरोपात आली आणि फ्रान्समधल्या धर्मयुद्धांबरोबर तिनेही हा धंदा बसवला. हे वाचल्यापासून वाड्यांकडे बघताना मी किंचित शेफारते.

काही रोकडं. रविवारी दुपारी गावात काळं कुत्रं भेटत नाही. बेकरी, कॅफे, सगळं बंद. पाणी संपलं तर स्मशानाचा रस्ता धरा. फुलझाडांसाठी तिथे नळ असतो, फक्त ‘पिण्यास अयोग्य’ अशी पाटी नाही ना ते वाचा. शाकाहारी असाल तर डबा न्या, कारण कास्तेलनोदारीची शान असलेल्या कासुले या पदार्थात राजम्यासारख्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांइतकंच बदक आणि डुक्कर असतं. आणि शरदात शिकारीचा हंगाम सुरू झाला की नारिंगी जाकीट घालूनच पाटाच्या वाटेवर जा.

सायकलीची तक्रार एकच, पण महत्त्वाची. मधल्या बिजागरीचा खटका मातीच्या वाटेवर सैल होतो. चौथ्या महिन्यात हँडलला बारीक खेळ यायला लागला. दुकानात दिली तर ती दोन आठवडे तिथेच पडून राहिली आणि तेल घालून परत आली. आता अ‍ॅलन-कीचा संच पिशवीत असतो, आणि पाटावर शिरण्याआधी बिजागरी मी स्वतः आवळते.