लाल पट्टीचे गेम: ‘प्लेस्टेशन हिट्स’ घ्यावेत का?

प्लेस्टेशन ४ या घरगुती गेम-यंत्रावर (कन्सोलवर) गाजलेल्या गेमपैकी काही निवडक गेम सोनीने जून २०१८ पासून ‘प्लेस्टेशन हिट्स’ या नावाने कमी किमतीत पुन्हा बाजारात आणले. डबीच्या माथ्यावरची निळी पट्टी लाल झाली आणि अमेरिकेत ५९.९९ डॉलरला आलेले गेम १९.९९ डॉलरला मिळू लागले. सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानांतून या मालिकेतल्या काही डिस्क मला प्रत्येकी दीड हजारांच्या आत मिळाल्या. प्लेस्टेशन ५ च्या नव्या मोठ्या गेमची छापील किंमत पाच हजार रुपयांच्या आसपास पोचलेली असताना हा भाव नजरेत भरतो, आणि नेमक्या त्याच कारणाने गिऱ्हाइकाच्या मनात पाल चुकचुकते की स्वस्त मालात काही तरी कापलेले असणार.

तसे काही कापलेले नसते. हा प्रकारही नवा नाही. पहिल्या प्लेस्टेशनसाठी अमेरिकेत १९९७ मध्ये ‘ग्रेटेस्ट हिट्स’ सुरू झाले, युरोपात त्याच धर्तीवर ‘प्लॅटिनम’ आले. निन्टेन्डो आणि एक्सबॉक्स या स्पर्धकांनीही आपापल्या नावाने हेच केले. गेम तयार करण्याचा मोठा खर्च पहिल्या एक-दोन वर्षांच्या विक्रीत निघून आलेला असतो, डिस्क छापायला त्यामानाने फारच थोडा पैसा लागतो आणि कन्सोल उशिरा घेणाऱ्यांचा एक नवा वर्ग दरम्यान तयार झालेला असतो. अशा वेळी जुनाच गेम स्वस्तात विकण्यात कंपनीचे काहीच जात नाही.

तरीही लाल पट्टी पाहून डोळे झाकून डिस्क उचलू नये, कारण त्या पट्टीखाली कधी जोडप्रकरणासह (मूळ गेमला नंतर जोडलेल्या वाढीव भागासह) पूर्ण गेम असतो, तर कधी नुसता मूळ गेम. ‘होरायझन झीरो डॉन’ या मालिकेत आला तो ‘कम्प्लीट एडिशन’च्या रूपात, म्हणजे बर्फाळ प्रदेशातले ‘द फ्रोझन वाइल्ड्स’ हे मोठे जोडप्रकरणही त्याच किमतीत मिळते. ‘द लास्ट ऑफ अस रीमास्टर्ड’मध्ये ‘लेफ्ट बिहाइंड’ हे उपकथानक आधीपासूनच अंतर्भूत आहे. २०१८ च्या ‘गॉड ऑफ वॉर’ला पैसे मोजून घ्यावे असे जोडप्रकरण मुळात निघालेच नाही, त्यामुळे तिथे काही राहून जाण्याचा प्रश्नच येत नाही. ‘ब्लडबोर्न’चे मात्र वेगळे आहे. लाल पट्टीच्या डिस्कवर मूळ गेम तेवढा असतो; ‘द ओल्ड हंटर्स’ हे जोडप्रकरण वेगळे विकत घ्यावे लागते आणि ते वगळून हा गेम संपवणे म्हणजे शेंगाचटणीवाचून कडक भाकरी खाण्यासारखे आहे. शिवाय डिस्क दुसऱ्या देशातून मागवलेली असेल, तर ती इथल्या कन्सोलवर चालते खरी, पण तिच्यासाठीचे जोडप्रकरण त्याच देशाच्या विभागाच्या ऑनलाइन प्लेस्टेशन स्टोअरमधून घ्यावे लागते. ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत.

सर्वांत मोठी नाराजी ‘ग्रॅन तुरिस्मो स्पोर्ट’बद्दल आहे. या गेमचा प्राणच ऑनलाइन शर्यतींत होता आणि त्याची ऑनलाइन सेवा ३१ जानेवारी २०२४ रोजी बंद झाली. एकट्याने गाडी चालवण्याचा आनंद अजूनही घेता येतो. परंतु ज्या कारणासाठी तो गेम नावारूपाला आला, ते कारण आता उरलेले नाही. डबीवर ऑनलाइनचा उल्लेख तसाच छापलेला आहे आणि फळीवर ती डिस्क ‘गॉड ऑफ वॉर’च्या शेजारी त्याच भावात उभी आहे. मी दुकानात हे बोलून दाखवले, तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाने शांतपणे सांगितले, “मालक, पट्टी लाल आहे म्हणजे हिट आहे. पुढचं आपल्याला काय माहीत?” त्याचे तरी काय चुकले?

डबी उघडल्यावर आत डिस्क आणि सूचनांचा एक कागद, एवढेच निघते. वेष्टनाबाबत माझे मत स्पष्ट आहे: ती लाल पट्टी दिसायला भडक आहे आणि ‘अनचार्टेड ४’सारख्या देखण्या मुखपृष्ठाची तिने रया घालवली आहे. संग्रह करणाऱ्यांनी मूळ निळ्या पट्टीची वापरलेली डिस्क शोधावी. ती बहुधा याच भावात मिळून जाते. खेळणाऱ्याला मात्र पट्टीच्या रंगाने काहीच फरक पडत नाही.

डाउनलोडच्या काळात डिस्क कशाला, हा प्रश्न रास्त आहे, कारण स्टोअरवरच्या सवलतीत हेच गेम कधी कधी याहूनही स्वस्त मिळतात. तरीही माझा कौल डिस्कलाच आहे. चाळीस-पन्नास जीबीचा गेम उतरवताना उन्हाळ्यात मधूनच वीज जाते, राउटर बंद पडतो, आणि वीज आल्यावर कन्सोल नीट बंद न केल्याबद्दल आपल्यालाच समज देऊन हार्ड डिस्क तपासत बसतो. डिस्कवरून गेमचा मोठा भाग इंटरनेटशिवाय उतरतो. नंतरचे अपडेट तेवढे डाउनलोड करावे लागतात. दुसरे म्हणजे, खेळून झालेली डिस्क मित्राला देता येते, दुकानात बदलून घेता येते किंवा विकता येते. डाउनलोड केलेल्या गेमचे असे काहीच करता येत नाही.

प्लेस्टेशन ५ असलेल्यांनीही या मालिकेकडे पाठ फिरवू नये, फक्त आपला कन्सोल डिस्क ड्राइव्हचा आहे एवढे पाहावे. ‘गॉड ऑफ वॉर’ आणि ‘होरायझन झीरो डॉन’ यांना २०२१ मध्ये मोफत अपडेट मिळाले असून ते प्लेस्टेशन ५ वर सेकंदाला ६० चित्रांच्या गतीने चालतात आणि फरक पहिल्याच लढाईत जाणवतो. ‘ब्लडबोर्न’ला तसे अपडेट मिळालेले नाही, तो आजही ३० वरच अडकलेला आहे.

पहिली डिस्क कोणती घ्यावी असे कोणी विचारले, तर मी ‘होरायझन’कडे बोट दाखवीन, आणि त्याच किमतीत ‘ग्रॅन तुरिस्मो स्पोर्ट’ हातात ठेवला गेला तर तो परत फळीवर ठेवावा असे सांगेन.