जुन्या रंधा मशीनला डीओएल स्टार्टर की व्हीएफडी?

५ एचपीच्या जुन्या रंधा मशीनचा मूळ स्टार्टर जळालाय आणि कारखान्यात ४१५ व्होल्टचा थ्री-फेज आहे? मग पुश-बटणाचा डीओएलच (मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा साधा स्टार्टर) घ्या. वीज जाऊन परत आली तरी कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला विजेवर चालणारा स्विच) सुटलेलाच राहतो, कटर आपोआप फिरत नाही. माणसाची बोटं तिथेच असतात, म्हणून माझ्या लेखी हा गुण सगळ्यात मोठा. ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग) मात्र मोटरच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरलाच लावा. सुरू होताना सहा-सातपट करंट ओढला जातो, पण बिडाची ही जड मशीनं त्याच झटक्यावर वाढलीत.

व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) हळुवार सुरू करतो, लवकर थांबवतोही. पण बारीक भुसा त्याचा वैरी, आणि जुन्या वाइंडिंगच्या इन्सुलेशनला त्याचे पल्स जाचतात. मोटर लहान आणि पुरवठा सिंगल-फेज असेल तर व्हीएफडीच घ्यावा, तो त्यातून थ्री-फेज करून देतो. मोटर २३० व्होल्ट डेल्टात (वाइंडिंगची त्रिकोणी जोडणी) जोडता येते का, ते आधी बघा.