रायफलच्या नळीवर पुढे बसवलेली दुर्बीण: सात महिने वापरल्यावर

दुकानदाराशी फोनवर दोनदा भांडलो, कुरिअरचे साडेतीनशे रुपये खर्च केले आणि दुर्बीण 'काही दोष नाही' असा शेरा घेऊन परत आली. हे लिहायला बसलो ते त्या संतापात. पण आता सांगतो, दुकानदार बरोबर होता. तरीही मी ही दुर्बीण काढतोय.

वावर वर्धा जिल्ह्यात, नाल्याला लागून. रायफल बाबांची, ईशापूरची .३१५. परवाना पीकसंरक्षणाचा आहे, आणि वनखात्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय आम्ही डुकरावर नेम धरत नाही. आधी नेहमीसारखी ३-९x४० (तीन ते नऊ पट जवळ दाखवणारी, पुढची काच ४० मिमीची) होती, बोल्टच्या म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याच्या वर. तिला डोळा साडेतीन इंचांवर ठेवावा लागतो. मचाणावरून खाली वाकून मारताना तो अंदाज चुकतो. बाबांच्या उजव्या भुवईवर अर्धगोल खूण आहे, ती त्याच दुर्बिणीच्या कडेची. चार टाके पडले होते. मला ती खूण रोज दिसते, म्हणून दिवाळीत २.५x२८ची पुढे बसवायची दुर्बीण घेतली. हिला डोळा नऊ-साडेनऊ इंचांवर. नळीवरच्या मागच्या साइटच्या जागी माउंट (दुर्बीण धरणारी पकड) बसला, ॲक्शनला, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाला, एकही भोक पाडावं लागलं नाही.

ही कल्पना अमेरिकेतले नेमबाजीचे शिक्षक जेफ कूपर यांची. १९८०च्या दशकात त्यांनी 'स्काउट' रायफल मांडली, आणि १९९८ला ऑस्ट्रियाच्या स्टायर कंपनीने त्या धर्तीची रायफल बाजारात आणली. हलकी, आखूड, दुर्बीण नळीवर पुढे, दोन्ही डोळे उघडे. त्यांच्या डोक्यात .३०८ होती, आपल्याला लष्करी बोअर (लष्कर वापरतं त्या मापाची नळी) मिळत नाही म्हणून .३१५. ॲक्शन जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलच्या, ली-एनफिल्डच्या घराण्यातलीच. वरून काडतुसं भरायची असतात, आणि तिथेच जुनी दुर्बीण आडवी यायची. अंधारात, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी दुर्बिणीखालून एकेक काडतूस सरकवायचं म्हणजे काय, ते जागलीला बसणाऱ्यालाच कळतं. आता वरची जागा मोकळी झाली. रायफल मधोमध मुठीत धरून धुऱ्याने चालताही येतं.

पहिले अडीच महिने मी भेटेल त्याला हीच घ्या म्हणून सांगत होतो. भुईमुगाच्या तुकड्यात तोंड उत्तरेला असायचं. तीस-चाळीस पावलांवर पळतं जनावर दोन्ही डोळ्यांनी दिसतं आणि आडवी-उभी रेघ त्यावर आपोआप येऊन बसते. १०० यार्डावर नजरेचा घेर जेमतेम २२ फूट, जुन्या दुर्बिणीच्या ३ पॉवरवर तो तीसच्या वर होता. पण दुसरा डोळा उघडा असल्यावर ते जाणवत नाही.

जानेवारीत हरभरा घाट्यांवर आला आणि मचाण नाल्याकडच्या तुकड्यात हलवलं. तिथे तोंड पूर्वेला. संध्याकाळी पाचच्या पुढे डुकरं नाल्यातून वर आली, मी रायफल उचलली, आणि दुर्बिणीत डुक्कर नाही, रेघ नाही, नुसती पिवळट दुधासारखी चकाकी. मागच्या काचेवर धुळीचा कण न् कण पेटलेला. तेवढ्यात कळप हरभऱ्यात शिरला. मी चापावरचं बोट काढलं. न दिसणाऱ्या जनावरावर गोळी सोडायची नाही, हे बाबांनी लहानपणीच शिकवलंय. पण त्या रात्री दोन सरी उखडल्या, आणि मला वाटलं की काचेवरचा थर खराब निघाला. मग ते फोन, ते कुरिअर.

परत आल्यावर मुलाला वहीचा पुठ्ठा घेऊन मचाणावर चढवलं. ऊन उजव्या खांद्यावरून येत होतं. त्याने पुठ्ठा माझ्या कानामागे धरला आणि चकाकी विझली, नाल्यातल्या बेशरमीची पानं वेगवेगळी दिसली. पुठ्ठा काढला की पुन्हा दूध. पाच-सहा वेळा करून पाहिलं. नेहमीच्या दुर्बिणीत डोळा इतका जवळ असतो की आपलं डोकंच मागच्या काचेला सावली करतं. इथे डोळा आणि काच यांच्यात वीतभर जागा उघडी, त्यातून मागचं ऊन थेट काचेवर पडतं. म्हणजे दोष त्या नगात नाही, बसवण्याच्या पद्धतीतच आहे. दुकानदाराला फोन करून तसं सांगितलं. मला माझ्या शब्दांचं वाईट वाटलं होतं.

मग मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबचा चार इंचांचा तुकडा कापून काचेवर चढवला. चकाकी अर्धी कमी झाली, पण ट्यूबची काळी कड दुसऱ्या डोळ्याच्या आड येते, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच गेलं. डोक्यावरून दुपट्टा पुढे ओढून दुर्बिणीवर टाकला तर ऊन पूर्ण अडतं. मात्र बोल्ट ओढताना दुपट्टा त्यात अडकतो. एकदा अडकला, पुन्हा तो प्रयोग केला नाही.

मचाण फिरवा, असं चुलतभाऊ म्हणाला. फिरवलं असतं. पण नाल्याचा उंच काठ फक्त पूर्वेला आहे, चुकलेली गोळी तोच अडवतो. उत्तरेला पांदण आहे, दक्षिणेला वस्ती. .३१५ची गोळी कुठवर जाईल त्याचा नेम नाही, त्यामुळे त्या दिशा माझ्यासाठी बंदच.

मार्चमध्ये चुलतभावाची १-४ पॉवरची साधी दुर्बीण त्याच मचाणावर, त्याच वेळी डोळ्याला लावून पाहिली. ऊन पाठीवर आणि चित्र स्वच्छ. १ पॉवरवर दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, म्हणजे पुढच्या दुर्बिणीचं अर्धं कौतुक तिथेच संपलं. डोळा चार इंचांवर ठेवावा लागतो, भुवईची भीती राहतेच. म्हणून दस्त्यावर गाल टेकायच्या जागी चामड्याची पट्टी शिवून घेतोय, गाल दरवेळी एकाच ठिकाणी बसावा म्हणून. काडतुसं पुन्हा एकेक करून भरावी लागतील. ते जड जाणार आहे, पण संध्याकाळी पाच ते साडेसहा हा माझा खरा वेळ, आणि त्या दीड तासात मला दिसलं पाहिजे.

माझी दुर्बीण माउंटसकट विकायची आहे. काचेवर चरा नाही, ट्यूब काढून ठेवलीय. येताना मचाणाचं तोंड कुठे आहे ते पाहून या. उत्तरेला असेल तर घ्या, तुम्ही सांगाल तशी झिरो करून (नेम जुळवून) देतो. पूर्वेला असेल तर मी देणार नाही.