प्रशस्त जुना फ्लॅट घेताना झालेली फसवणूक : ताज्या रंगाखाली काय होतं

फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावरचा. इमारत चाळीसेक वर्षांची, गल्ली शांत, आणि खोल्या नव्या बांधकामात सहसा मिळत नाहीत एवढ्या मोठ्या. विकायला काढण्याआधी मालकाने घर चकाचक करून घेतलं होतं. हॉलला फॉल्स सीलिंग, मागच्या बेडरूमच्या एका भिंतीला लाकडी पॅनेलिंग, बाथरूमला नव्या टाइल्स, सगळीकडे रंग. घेणाऱ्या कुटुंबाने कागदपत्रं वकिलाकडून तपासून घेतली आणि ती चोख निघाली. पहिल्याच पावसाळ्यात हॉलच्या सीलिंगवर तपकिरी डाग उमटला. तेवढा तुकडा कापून काढला तर वर स्लॅबच्या सळ्या उघड्या पडलेल्या, गंजून पापुद्रे सुटलेल्या. काँक्रीटचे पोपडे सुटून सीलिंगच्या पाठीवर पडून होते.

जुन्या घरात असं व्हायचंच, अशी समजूत घालणारे बरेच भेटतात. पण या मालकाला सगळं माहीत होतं. सोसायटीच्या सभेत स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल वाचला गेला होता, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि कॉलमची दुरुस्ती करायचं ठरून प्रत्येक फ्लॅटमागे वर्गणीही मंजूर झाली होती. त्या सभेच्या हजेरीपटावर मालकाची सही आहे. रंगकाम त्यानंतर सुरू झालं. वर्गणीची नोटीस आली ती नव्या मालकाच्या नावावर.

अशा व्यवहारात वकील कमी पडत नाही, कारण लबाडी कागदात नसतेच. ती प्लास्टरमध्ये असते, आणि प्लास्टर तपासायला घेणारा कुणाला नेत नाही.

घर बघताना नवं काम नेमकं कुठे झालंय ते आधी बघा. स्वतः राहायला घर दुरुस्त करणारा माणूस चारही भिंती सारख्या करतो. एकाच भिंतीला पॅनेल, एकाच खोलीत सीलिंग, एकाच कोपऱ्यात वॉलपेपर किंवा छतापर्यंतचं कपाट असेल, तर मागे काय आहे ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. सीलिंगमधला एक स्पॉटलाइट काढायला सांगा. त्याचं भोक तीन-चार इंचांचं असतं. टॉर्च लावून मोबाईल आत घातला की स्लॅबचे फोटो निघतात. पाच मिनिटांचं काम आहे. त्यालाही मालक तयार नसेल तर तेच उत्तर समजा.

स्लॅब का फुटतो हे कळलं की डाग आणि दुखणं यांतला फरक ओळखता येतो. चांगल्या काँक्रीटचा पीएच, म्हणजे क्षारता सांगणारा आकडा, १२ ते १३ असतो आणि त्यात सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत गेला की पीएच ९ च्या खाली येतो आणि हे संरक्षण संपतं. त्यात ओल पोहोचली की गंज चढतो. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फाटतं. म्हणून पहिली भेग सळईच्या रेषेत सरळ जाते. अशा भेगेवर पुट्टी मारली की वर्षभर काही दिसत नाही, आत गंज चालूच राहतो. छोट्या हातोडीने छत आणि बीम ठोकून बघा. भक्कम काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलेल्या जागा खडूने आखत गेलात तर किती भाग सुटलाय याचा अंदाज येतो. त्यापुढचं काम इंजिनियरचं: थोडं काँक्रीट फोडून ताज्या भागावर फिनॉल्फथॅलीन हे क्षारता दाखवणारं रसायन फवारायचं. गुलाबी झालं तर काँक्रीट शाबूत, रंग आलाच नाही तर संरक्षण गेलेलं. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोहोचला असेल तर नुसत्या प्लास्टरने भागत नाही. सुटलेलं काँक्रीट तोडा, सळ्या घासा, जास्त गंजलेल्या बदला, मग नव्याने भरा, एवढं सगळं करावं लागतं. त्याचा अंदाजी खर्च लेखी घ्या आणि किमतीची बोलणी त्यावरच करा.

ओल लपवणं त्याहून सोपं. बाथरूमच्या मागची भिंत, खिडकीच्या खालचा पट्टा आणि जमिनीलगतचा फूटभर भाग हाताने चाचपा. रंगाला फुगवटा, पांढरा क्षार, स्कर्टिंगच्या वर भुसभुशीत प्लास्टर, यातलं एक जरी सापडलं तरी दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून एक दिवस ठेवायला सांगा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतूनच येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर तो हवेतला दमटपणा. घर दाखवताना सगळ्या खिडक्या उघड्या, पंखे पूर्ण वेगात आणि सुगंधाचा फवारा मारलेला असेल, तर दुसऱ्या खेपेला अचानक जा आणि बंद घराचा वास घ्या. शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जा.

बाथरूमच्या नव्या टाइल्सवर विशेष लक्ष द्या. जुन्या बाथरूमखाली बऱ्याचदा खोलगट स्लॅब असतो, त्यात विटांच्या तुकड्यांचा भराव आणि त्यातून जाणारे जुने पाइप. जुन्या लादीवरच नवी टाइल चिकटवली की खालचं वॉटरप्रूफिंग आणि पाइप होते तसेच राहतात. ओळखायची खूण म्हणजे बाथरूमची जमीन बाहेरच्यापेक्षा वर आलेली किंवा उंबरा वाजवीपेक्षा उंच झालेला. नहाणी ट्रॅप बंद करून एक इंच पाणी साठवा, २४ तास राहू द्या, आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. खालच्या शेजाऱ्यांशी बोलणं तर कोणत्याही चाचणीइतकंच मोलाचं. वर्षानुवर्षं गळतीवरून भांडण चालू असेल तर ते दोन मिनिटांत सांगतात.

आता प्रशस्तपणाबद्दल. या फ्लॅटचा हॉल मोठा होता तो मूळचा नव्हताच. मधली भिंत पाडलेली आणि बाल्कनी आत घेतलेली. जाहिरातीतल्या आकड्यात दोन्ही धरलेलं होतं, शिवाय तो आकडा सुपर बिल्टअपचा, म्हणजे जिना आणि लिफ्टचा वाटा मिळवून. मंजूर नकाशाची प्रत मागा आणि खोली-खोली टेपने मोजा, भिंतीच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. नकाशा मीटरमध्ये असेल तर १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. दर ठरवायचा तो याच कार्पेट आकड्यावर. परवानगी न घेता वाढवलेल्या भागाचे पैसे देणं म्हणजे उद्या तोडायला लागेल अशी जागा विकत घेणं. शिवाय कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यांकन करणारा तो भाग धरेलच असं नाही, आणि फरक आपल्या खिशातून भरावा लागतो.

भिंत पाडलेली असेल तर आणखी एक धोका आहे. इमारत कॉलम-बीमवर उभी असेल तर मधली भिंत बहुधा फक्त आडोसा असते. विटांच्या भारवाहक भिंतींची असेल तर नऊ इंची भिंत काढणं म्हणजे वरच्या मजल्याचा आधार काढणं. खालच्या घरात त्याच जागी भिंत आहे का ते बघा. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या निघालेल्या भेगा आणि चौकटीत अडकणारी दारं दिसली, तर इंजिनियरच्या लेखी अहवालाशिवाय इसाराची रक्कम देऊ नका.

नळ नवे असले तरी पाइप जुने जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, असू शकतात, आतून गंजून अरुंद झालेले. लांबचा नळ, किचनचा नळ आणि फ्लश एकदम सुरू करा आणि बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. वायरिंगचंही तसंच. इलेक्ट्रिशियनकडून एक स्विचबोर्ड उघडवून घ्या: अर्थिंगची वायर आहे का, इन्सुलेशन बोटाने चुरतंय का. शांततेची खात्री रविवारी दुपारी होत नाही. कामाच्या दिवशी सकाळी आठला आणि रात्री अकराला जा, आणि वरच्या मजल्यावर लिफ्टची मोटर चालू असताना बेडरूमचं दार लावून ऐका.

सभेची इतिवृत्तं मात्र सोडू नका. मागच्या तीन वर्षांची मागा, सोबत ऑडिटचा अहवाल, दुरुस्ती निधीचा हिशेब आणि थकबाकी नसल्याचं पत्र. मालक "ते सेक्रेटरीकडे आहे" म्हणाला तर त्याच्याकडून संमतीची चिठ्ठी घेऊन स्वतः सेक्रेटरीला भेटा. वर उल्लेख केलेला व्यवहार या एका वहीने थांबला असता.

दलाल सांगेल, "साहेब, दुसरं गिऱ्हाईक उद्या टोकन देतंय." देऊ द्या. पैसे द्याल तेव्हा करारात तीन गोष्टी लिहून घ्या. तपासणीत स्ट्रक्चरचा दोष किंवा गळती निघाली तर इसार पूर्ण परत. सहीच्या तारखेपर्यंत मंजूर झालेली सगळी वर्गणी, तिची मागणी नंतर आली तरी, विकणाऱ्याने भरायची. आणि गळती, केलेल्या दुरुस्त्या व काढलेल्या भिंती यांची माहिती विकणाऱ्याने सहीनिशी द्यायची. तिसऱ्या मुद्द्यावर बरेच अडतात, कारण पुढे वाद झाला तर "मला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही. करारात "आहे त्या स्थितीत" असा शब्दप्रयोग असेल तर तो वकिलाकडून बदलून घ्या.

व्यवहार होऊन गेला असेल आणि आता पोपडे पडत असतील, तर दुरुस्ती लगेच सुरू करू नका. धोकादायक भागाखाली टेकू द्या, तारखेसह फोटो आणि व्हिडिओ काढा, निघालेले तुकडे पिशवीत घालून ठेवा, इंजिनियरचा अहवाल घ्या. सभेच्या हजेरीपटाची प्रमाणित प्रत मागा. हे सगळं हातात आल्यावर वकिलामार्फत नोटीस पाठवा. आधी डागडुजी केलीत तर दोष विक्रीच्या वेळी होता हे सिद्ध करायला काहीच उरत नाही.