सोल्डर केल्यावर परत घेत नाहीत

मेच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या हेडफोनचा उजवा कान बंद पडला. दहावीच्या इतिहासाचं वाचन तेव्हा निम्म्यावर आलं होतं. आम्ही काही जणी दृष्टिहीन मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो. शाळा उघडायच्या आत पुस्तक मुलांपर्यंत पोचावं म्हणून दर उन्हाळ्यात आमची धावपळ असते. हेडफोनच्या केबलसाठी घेतलेल्या एका नकली कनेक्टरपायी, म्हणजे केबलच्या टोकाला लावायच्या जोडणीपायी, माझे दोन आठवडे गेले. पैसे फार गेले नाहीत, पण फसवायची ही रीत इतकी बेमालूम आहे की घरी स्वतः केबल दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असायला हवी. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

हेडफोन एकेजी कंपनीचा, के २४० स्टुडिओ. त्याची केबल फक्त डाव्या बाजूने आत जाते आणि सुटी काढता येते. केबलच्या टोकाला तीन पिनांचा मिनी एक्सएलआर कनेक्टर असतो, बोटाच्या दोन पेरांएवढा, बाजूला दाबायचं बटण. १ नंबरला ग्राउंड, म्हणजे दोन्ही कानांची सामाईक तार, २ ला डावा कान, ३ ला उजवा. माझी तार नेमकी कनेक्टरच्या मानेपाशी आतून तुटली होती, बाकीची तीन मीटर केबल ठणठणीत होती. म्हणजे फक्त नवा कनेक्टर लावायचा होता. सोल्डरिंग, म्हणजे वितळवलेल्या धातूने तारा जोडणं, मला येतं. वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांच्या शेजारी बसून शिकले.

रेकॉर्डिंग सोडून पुण्याच्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जायला वेळ नव्हता, म्हणून ऑनलाइन शोधलं. लिख्टेनस्टाइनच्या न्यूट्रिक कंपनीचाच रीन नावाचा ब्रँड आहे, त्याचे मिनी एक्सएलआर भरवशाचे म्हणून ओळखले जातात. एका विक्रेत्याकडे चार नग ११६० रुपयांना दिसले. फोटोत कनेक्टरवर रीनचं नाव ठळक होतं. वर शीर्षकात मात्र ‘रीन टाइप’, म्हणजे रीनसारखा, असं लिहिलेलं होतं, आणि त्या ‘टाइप’वरून माझी नजर घसरून गेली. तरी मी चॅटवर विचारलं, ‘हे ओरिजिनल आहेत ना?’ उत्तर आलं, ‘हो मॅडम, १०० टक्के ओरिजिनल.’

चौथ्या दिवशी पार्सल आलं. हातात घेतल्यावर वजनदार वाटले, चकाकी छान. एक नग रिकामाच हेडफोनला लावून पाहिला तर टक्क आवाज करून बसला. मग सोल्डरिंग आयर्न ३५० डिग्रीवर ठेवून तारा जोडल्या. एका पिनेला दोन सेकंद, फार तर तीन. तिसऱ्या पिनेला टोक टेकवलं तेव्हा जरा वेगळा, प्लास्टिकचा वास आला. गार झाल्यावर बघितलं तर सगळं सरळ दिसत होतं.

हेडफोनला लावताना थोडं अडलं. नवीन आहे म्हणून घट्ट असेल असं समजून मी दाबलं. त्या दाबण्याचं मला आजही वाईट वाटतं. आतलं प्लास्टिक मऊ पडून तिसरा कॉन्टॅक्ट केसभर कलला होता, त्यामुळे हेडफोनच्या सॉकेटमधली पिन त्यात न शिरता वाकली आणि मुळाशी तुटली. तार जोडलेली आहे की तुटली ते दाखवणारा मल्टिमीटर हेडफोनच्या सॉकेटला लावला तर १ आणि २ मध्ये पन्नास-पंचावन्न ओमच्या आसपास आकडा आला, जसा यायला हवा. १ आणि ३ मध्ये काहीच नाही. आधी केबल बिघडली होती, आता हेडफोनही बिघडला.

विक्रेत्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, सोल्डर केलेला माल परत होत नाही. पॉलिसी वाचा.’ वाचली. खरंच तसं लिहिलं होतं. खरी मेख इथेच आहे. कनेक्टर नकली असला तर ते आयर्नचं टोक लागेपर्यंत कळत नाही, आणि टोक लागलं की परतीचा रस्ता बंद. ओरिजिनलचा विषय काढला तर म्हणे, ‘आम्ही टाइप लिहिलंय.’

शेवटी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलेच. तिथे एक काका तीस वर्षं माइक-हेडफोनची दुरुस्ती करतात. त्यांनी माझा न वापरलेला एक नग आणि त्यांच्याकडचा अस्सल रीन शेजारी शेजारी चिमट्यात धरले. दोन्हींच्या रिकाम्या पिनेला आयर्न लावून पाचपर्यंत मोजलं आणि ट्वीझरने पिन हलवून दाखवली. माझ्या नगाची पिन लोण्यात रुतल्यासारखी फिरली. अस्सल जागची हलली नाही. नेहमीचं कथील-शिशाचं सोल्डर १८३ डिग्रीच्या पुढेमागे वितळतं, त्यामुळे कनेक्टरच्या आतलं प्लास्टिक त्याच्या बरंच वरची उष्णता सोसणारं लागतं. ‘ताई, वरचा मुलामा कुणीही चढवतो, पैसे वाचवतात ते आतल्या प्लास्टिकमध्ये,’ काका म्हणाले.

मग ते दाखवतच गेले. केबलच्या दुसऱ्या टोकाच्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेला चुंबक लावायचं. चांगली पिन पितळेची असते, तिला ते चिकटत नाही, वर निकेलचा मुलामा असेल तर किंचित ओढ जाणवते. पण अख्खी पिन उचलून आली तर आत लोखंड आहे, मग ‘गोल्ड प्लेटेड’ कितीही लिहिलेलं असो. तांब्याची म्हणून विकलेली तार ब्लेडने खरवडून बघायची. वर तांबूस आणि आत पांढरी निघाली तर ती तांबं चढवलेली ॲल्युमिनियमची. सेनहायझर एचडी ६५० या हेडफोनच्या केबलच्या दोन पिना मुद्दाम वेगवेगळ्या जाडीच्या असतात, म्हणजे उलट बसू नयेत. नकली कनेक्टरमध्ये दोन्ही भोकं सारखी असलेली काकांनी पाहिली आहेत. ऑडिओ टेक्निकाच्या एम ५० एक्स हेडफोनला २.५ मिलिमीटरची कुठलीही पिन चालत नाही, ती फिरवून अडकणारी लागते.

सॉकेट बदलायचे काकांनी ४५० घेतले. चार नकली नगांच्या पैशांत अस्सल दोन आले, बिलासकट. आता मी एका वेळी एकच नग घेते, आणि कधी जास्त मागवावेच लागले तर त्यातला एक आधी रिकामा तापवून बघते. पार्सल उघडतानाचा व्हिडिओही काढते.

तक्रार मी सोडली नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वस्तू कुठल्या देशात बनली ते विक्रीच्या पानावर लिहावं लागतं. या पानावर ती जागा कोरी होती. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असंही त्याच नियमांत आहे. मला पोच आली आठव्या दिवशी, तीही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवल्यावर. चॅटमधल्या ‘१०० टक्के ओरिजिनल’चा स्क्रीनशॉट जोडला नसता तर ते ‘टाइप’च्या आड लपले असते. ११६० रुपये परत मिळाले. सॉकेटचे ४५० मागितले, ते मात्र दिले नाहीत.

इतिहासाचं पुस्तक जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पूर्ण झालं, शाळा सुरू झाल्यानंतर. पहिले दोन धडे मुलांना दुसऱ्या कुणीतरी वर्गात वाचून दाखवले.

उरलेले नकली नग विक्रेत्याने परत मागितले नाहीत. त्यातला एक काकांनी ठेवून घेतला. त्यांच्या काउंटरवर गिऱ्हाईक मोबाइलमधला असाच फोटो दाखवून ‘हा चालेल का’ विचारतं, तेव्हा ते आयर्न तापत ठेवतात आणि तो नग चिमट्यात धरतात.